ग्राहकाकडे रॉ फाइली अपुऱ्या किंवा खराब पोहोचतात तेव्हा

मागच्या लग्नसराईत नागपूरच्या वर्धा रोडवरच्या एका लॉनवर झालेल्या लग्नाच्या छायाचित्रणाचे काम आटोपून मी निवडलेल्या १,८४० रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्याने सेन्सरची माहिती जशीच्या तशी साठवलेल्या मूळ फाइली, क्लाउडवर चढवल्या, वधूच्या भावाला लिंक पाठवली आणि वहीत त्या कामापुढे ‘पाठवले’ असे लिहून मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी पुण्याहून त्याचा फोन आला. मुलगा मूळचा इथल्या महाल भागातला, नोकरीला हिंजवडीत. “भाऊ, बाराशे तीनच फोटो दिसून राहिले इथं. बाकीचे काहून नाही पाठवले?” मी लगेच तपासून पाहिले, तर क्लाउडवर १,८४० फाइली जागच्या जागी होत्या. मी पुन्हा लिंक पाठवली, त्याने पुन्हा डाउनलोड केले आणि या वेळी आकडा १,४१६ भरला. तिसऱ्या खेपेला तो माझ्याशी बोलताना ‘भाऊ’ म्हणणे विसरला होता.

हा प्रकार माझ्याकडे दर हंगामात दोन-चारदा तरी होत असे आणि दर वेळी माझा उपाय एकच असे, तो म्हणजे पुन्हा पाठवणे. त्यातून बिघाड नेमका कुठे आहे ते कधीच कळले नाही आणि ग्राहकाचा विश्वास प्रत्येक खेपेला थोडा थोडा उडत गेला. रॉ फाइल कॅमेऱ्याच्या कार्डावरून संगणकात येते, तिथून क्लाउडवर जाते, क्लाउडवरून ग्राहकाच्या यंत्रावर उतरते आणि शेवटी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. या चार टप्प्यांपैकी कुठेही घोटाळा झाला तरी ग्राहक एकच वाक्य बोलतो : ‘फाइल करप्ट आहे.’ प्रत्येक टप्प्यावरच्या बिघाडाची लक्षणे मात्र वेगवेगळी असतात आणि ती ओळखता आली की पुन्हा पन्नास जीबी चढवण्याची वेळ सहसा येत नाही.

आधी आकडे मागवावेत

फोन आला की मी आता तीनच गोष्टी विचारतो. फोल्डरमध्ये एकूण फाइली किती आहेत, त्या फोल्डरचा आकार किती बाइट आहे, आणि जी फाइल उघडत नाही अशा एका फाइलचे नाव व आकार काय आहे. विंडोजवर फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आणि मॅकवर गेट इन्फोमध्ये हे सगळे दिसते. त्याचा स्क्रीनशॉट मागवणे सर्वांत सोपे, कारण तोंडी सांगताना आकडे ‘साधारण’ होतात.

आकार बाइटमध्येच का विचारायचा, याला कारण आहे. विंडोज जीबी मोजताना १,०२४ चा पट धरते, तर मॅक २००९ पासून १,००० चा पट धरते. त्यामुळे मॅकवर ५१.५ जीबी दिसणारे तेच फोल्डर विंडोजवर ४८ जीबी दिसते. धंतोलीतल्या एका डिझायनर ताईंशी याच साडेतीन जीबीवरून माझा अर्धा तास वाद झाला होता. त्या म्हणत होत्या की शंभरेक फोटो कमी आले आहेत, मी म्हणत होतो की सगळे पाठवले आहेत, आणि बाइटचा आकडा दोघांकडेही शेवटच्या अंकापर्यंत सारखा होता. विंडोजवर ‘साइज’ आणि ‘साइज ऑन डिस्क’ असे दोन आकडे येतात, त्यातला पहिलाच घ्यावा. मॅकवरून आलेल्या फोल्डरात काही लपलेल्या फाइली असतात, त्यामुळे मोजणीत एक-दोनाचा फरक पडला तर तेवढ्यासाठी घाबरण्याचे कारण नाही.

हे आकडे हाती आले की निदान बहुतेक वेळा फोनवरच होते. फाइलींची संख्या कमी आहे, पण आलेल्या सगळ्या नीट उघडतात, असे असेल तर घोटाळा ग्राहकाच्या डाउनलोडमध्ये आहे. संख्या बरोबर आहे, पण एखाद्या फाइलचा आकार माझ्याकडच्या फाइलीपेक्षा लहान आहे, तर ती फाइल वाटेत तुटली आहे आणि तेवढी एकच पुन्हा पाठवून भागते. संख्या व बाइट दोन्ही जुळतात आणि तरीही चित्र फाटलेले दिसते, तर ग्राहकाची क्षमा मागून आपल्या टेबलाकडे वळावे, कारण ती फाइल बहुधा आपल्याकडूनच खराब निघाली आहे. आणि सगळे जुळते, माझ्याकडे चित्र सुंदर दिसते, त्याच्याकडे मात्र फाइलच उघडत नाही, अशा वेळी दोष त्याच्या सॉफ्टवेअरचा असतो.

झिपचे सव्वीस तुकडे

पुण्याच्या त्या मुलाचा प्रकार पहिल्या जातीचा होता. त्याने ब्राउझरमध्ये लिंक उघडून अख्खे फोल्डर एकदम डाउनलोडला लावले होते. असे केले की क्लाउड सेवा फाइली जशाच्या तशा देत नाही. ती त्यांच्या झिप, म्हणजे अनेक फाइलींचे एकत्र बांधलेले गठ्ठे, तयार करते आणि फोल्डर मोठे असेल तर साधारण दोन-दोन जीबीचे अनेक तुकडे पाडते. ५१.५ जीबीचे असे सव्वीस तुकडे झाले होते. ब्राउझर ते एकामागून एक उतरवतो, मध्येच ‘या साइटला अनेक फाइली डाउनलोड करू द्यायच्या का’ असे विचारतो, लॅपटॉप झोपला की थांबतो, आणि शेवटी किती तुकडे आले व किती राहिले हे कुठेही ठळकपणे सांगत नाही. मुलाने पहिल्यांदा सतरा तुकडे उघडले आणि दुसऱ्यांदा वीस. त्याला वाटले की एवढेच आहेत.

यात आणखी एक मेख आहे. हे तुकडे फाइलींच्या क्रमाने पडतीलच असे नसते. हळदीचा एक फोटो तिसऱ्या झिपमध्ये आणि त्याच्या शेजारचा एकोणिसाव्या झिपमध्ये जाऊ शकतो. रॉ फाइल एका झिपमध्ये आणि तिच्या रंगसंस्काराची एक्सएमपी फाइल दुसऱ्याच झिपमध्ये, असेही होते. ग्राहकाने प्रत्येक झिप वेगवेगळ्या फोल्डरात उघडली, तर ही जोडी पुन्हा एकत्र येत नाही आणि आपण आठ दिवस बसून केलेले रंगकाम त्याला दिसतच नाही.

म्हणून झिप करण्याचे काम मी क्लाउड सेवेवर सोडत नाही. माझ्याच संगणकावर प्रत्येक विधीची वेगळी झिप करतो : हळद, सीमांतपूजन, लग्न, स्वागत समारंभ. एखादी झिप साडेतीन जीबीच्या वर जाऊ लागली की तिचे दोन भाग करतो आणि नावातच ‘१२ पैकी ५’ अशा पद्धतीचा क्रमांक घालतो. ग्राहकाला कोणता भाग राहिला हे नावावरूनच कळते. साडेतीन जीबीची मर्यादा मी अनुभवावरून घातली आहे. पुष्कळ लोकांचे पेन ड्राइव्ह अजूनही फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्या पद्धतीत चार जीबीहून मोठी एक फाइल बसतच नाही. जुन्या झिप पद्धतीलाही चार जीबीचीच मर्यादा होती आणि तिच्यापुढच्या झिप उघडताना काही जुनी सॉफ्टवेअरे आजही गडबडतात. झिपचा एकच मोठा गठ्ठा करून त्याचे सलग तुकडे पाडण्याचा पर्याय सेव्हन-झिप या झिप करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण त्यात एक तुकडा हरवला तर पुढचे काहीच उघडत नाही. लग्नाच्या कामाला तो वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

झिप करताना ‘स्टोअर’ म्हणजे न दाबता नुसते बांधण्याचा पर्याय निवडावा. बहुतेक कॅमेऱ्यांतली रॉ फाइल आधीच दाबलेली असते, त्यामुळे झिपने ती फारशी लहान होत नाही आणि संगणक मात्र तासभर तापत बसतो. मग झिप करायचीच कशाला, असे कोणी विचारील. तिचा उपयोग दुसरा आहे. झिपमध्ये प्रत्येक फाइलीबरोबर सीआरसी-३२ नावाचा पडताळणीचा आकडा साठवलेला असतो आणि उघडताना फाइल त्या आकड्याशी जुळली नाही, तर फाइलीत चूक असल्याची सूचना येते. म्हणजे ग्राहकाला काही न शिकवता वाटेतली तपासणी आपोआप होते.

नावांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. फोल्डरांची नावे देवनागरीत ठेवण्याची मला हौस होती. ‘सीमांतपूजन’ असे नाव दिलेले फोल्डर एका ग्राहकाच्या जुन्या संगणकावर चौकोन आणि चिन्हांच्या रांगेत उघडले, कारण झिप करणाऱ्या आणि उघडणाऱ्या सॉफ्टवेअरांचे नावाच्या अक्षरलेखनावर एकमत नव्हते. फोल्डरात फोल्डर घालत गेले आणि नावेही लांबलचक ठेवली, तर विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा ओलांडली जाते आणि नेमक्या सर्वांत आतल्या फाइली उघडायच्या राहतात. आता मी रोमन लिपीतली छोटी नावे देतो आणि मराठी नावे सोबतच्या पत्रात लिहितो. वाईट वाटते, पण ग्राहकाचा संगणक कोणत्या साली घेतलेला आहे ते आपल्या हातात नसते.

रात्रभर चढवले आणि सकाळी पुन्हा शून्य

अपलोडची तक्रार ग्राहक करीत नाही, ती आपल्यालाच भोगावी लागते. जोडणीच्या जाहिरातीतला वेग बिटमध्ये असतो आणि फाइली बाइटमध्ये मोजल्या जातात, म्हणून वेगाला आठाने भागावे. शिवाय काही जोडण्यांमध्ये अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो आणि चाचणी घेताना आपण फक्त वरचा मोठा आकडा पाहतो. अपलोड २० एमबीपीएस (सेकंदाला २० मेगाबिट) असेल तर सेकंदाला अडीच एमबी जातात. त्या हिशेबाने ५१.५ जीबीला पावणेसहा तास लागतात आणि प्रत्यक्षात सात धरावेत. १०० एमबीपीएसची अपलोड असेल तर हेच काम सव्वा तासाच्या आसपास होते. ग्राहकाला तारीख देण्यापूर्वी हे गणित कागदावर मांडावे. ‘संध्याकाळपर्यंत पाठवतो’ असे सवयीने म्हटल्यामुळे मी पुष्कळदा तोंडघशी पडलो आहे.

आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि दुपारी वीज गेली की कूलर, संगणक आणि राऊटर एकदमच गप्प होतात. मी संगणकाला यूपीएस लावला आणि राऊटर इन्व्हर्टरवर घेतला, तरी अपलोड तुटतच असे. दोन उन्हाळे त्याचे कारण मला कळले नाही. एका दुपारी जिन्यातून उतरताना इंटरनेटवाल्याची भिंतीवरची पेटी नजरेस पडली. तिच्यातल्या स्विचचे दिवे विझलेले होते आणि त्याची वायर जिन्यातल्या साध्या सॉकेटमध्ये खोचलेली होती. माझ्या घरात वीज होती, पण इमारतीपर्यंत आलेले इंटरनेट त्या पेटीतच अडले होते. सोसायटीच्या सचिवांना विचारून ते सॉकेट लिफ्टच्या बॅकअपवर घेतले आणि दुपारची ती रड संपली. ज्यांच्या घरापर्यंत थेट फायबर येते, त्यांना सहसा हा प्रश्न येत नाही, पण आपली जोडणी कोणत्या जातीची आहे हे एकदा जिन्यात उतरून पाहायला हरकत नाही.

जोडणी तुटली तरी काम वाया जाऊ नये, यासाठी ब्राउझरच्या टॅबमधून चढवण्याऐवजी त्या सेवेचे संगणकावरचे ॲप वापरावे. ॲप सहसा फाइलीचे लहान तुकडे करून पाठवते आणि तुटल्यास बाकीचेच तुकडे पुढे पाठवते, तर टॅब चुकून बंद झाला की त्यातले चालू काम गेले. लॅपटॉपची झोप रात्रीपुरती बंद करावी. वाय-फायऐवजी केबल जोडावी. आणि खात्यात जागा आहे का ते आधी पाहावे. गूगलच्या मोफत खात्यातली १५ जीबी जागा ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो या तिघांत मिळून असते. ती भरली की अपलोड तर थांबतेच, पण नवीन ईमेलही येईनासे होतात आणि त्याच दिवशी एखाद्या नव्या कामाची चौकशी आलेली असू शकते.

ईमेलने रॉ फाइल पाठवण्याचा विचारच करू नये. जीमेलची मर्यादा २५ एमबीची आहे आणि जोडलेली फाइल ईमेलमध्ये रूपांतरित होताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे २४ मेगापिक्सेलची एक फाइलसुद्धा सहसा त्यात मावत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले तर चित्र दाबले जाते. एखादीच फाइल तातडीने हवी असेल तर ती तिथे डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, मग ती जशीच्या तशी जाते.

लघुचित्र चांगले, आतले चित्र फाटलेले

आता सर्वांत त्रासाच्या बिघाडाविषयी. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात टिपलेले वाघिणीचे एक छायाचित्र मुंबईच्या एका ग्राहकाने भिंतभर छपाईसाठी विकत घेतले आणि छपाईवाल्याला स्वतःच रंग काढायचे असल्यामुळे रॉ फाइल मागितली. मी ती पाठवली. फोल्डरात तिचे लघुचित्र अगदी स्वच्छ दिसत होते. त्याने सॉफ्टवेअरमध्ये उघडली तेव्हा वाघिणीचे डोके आणि मागचा बांबू शाबूत होता, पण खांद्यापासून खाली किरमिजी रंगाचा पट्टा होता आणि त्याखाली नुसत्या आडव्या रेघा. बाइटचा आकडा त्याच्याकडे आणि माझ्याकडे सारखाच होता. मी माझी फाइल शंभर टक्क्यांवर उघडली आणि तिथेही तोच किरमिजी पट्टा होता. नशिबाने कार्ड अजून फॉरमॅट केले नव्हते आणि कार्डावर ती फाइल धडधाकट होती. दोष माझ्या कार्ड रीडरच्या केबलचा निघाला. टोक थोडे हलवले की संगणक रीडर गेल्याचा आणि परत आल्याचा आवाज करीत असे, आणि तो आवाज ऐकण्याची मला सवय होऊन गेली होती.

लघुचित्र चांगले दिसण्याचे कारण असे की रॉ फाइलीच्या आत कॅमेरा एक तयार जेपेग चित्रही ठेवतो. फोल्डरात किंवा कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपण जे पाहतो ते हेच जेपेग असते. सेन्सरची मूळ माहिती फाइलीत त्याच्यापासून वेगळ्या जागी असते आणि बहुतेक आकारमान तिचेच असते. त्यामुळे तिच्यात बिघाड झाला तरी वरचे जेपेग बहुतेक वेळा वाचते. लघुचित्रांवरून नजर फिरवून ‘सगळे ठीक आहे’ असे ठरवणारा माणूस रॉ फाइल तपासतच नसतो. मीही कित्येक वर्षे तेच करीत होतो.

झिपचा पडताळणी आकडाही इथे कामाचा नाही, कारण तो झिप केली त्या क्षणापासूनची हमी देतो. आधीच खराब झालेली फाइल तो तितक्याच इमानाने खराब पोहोचवतो. म्हणून तपासणी कार्डावरून उतरवतानाच व्हायला हवी. नुसते कॉपी-पेस्ट न करता उतरवलेली प्रत मूळ फाइलीशी पडताळून पाहणारे सॉफ्टवेअर वापरावे. ते नसेल तर सेव्हन-झिप बसवल्यावर राइट क्लिकच्या यादीत एसएचए-२५६ चा पर्याय मिळतो. त्याने फाइलीचा ६४ अक्षरांचा ठसा निघतो आणि फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी तो ठसा पूर्ण वेगळा येतो. कार्डावरच्या आणि डिस्कवरच्या फाइलीचे ठसे जुळले की प्रत खरी. एजन्सी किंवा प्रकाशकाला पाठवताना मी या ठशांची यादी मजकुराच्या फाइलीत सोबत देतो, कारण त्यांच्याकडे ती पडताळणारा माणूस असतो. लग्नघरच्या मंडळींना ती देण्यात काही अर्थ नाही. त्यांच्यासाठी मी लाइटरूम या अडोबीच्या फोटो-संस्काराच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फाइलींची पूर्ण आकाराची पूर्वदृश्ये तयार करायला लावून जेवायला जातो. ती तयार करताना प्रत्येक फाइलीची मूळ माहिती वाचावीच लागते आणि फाटलेले चित्र तिथेच उघडे पडते.

कार्ड कधी पुसायचे, याचा माझा नियमही त्या वाघिणीमुळेच बदलला. पूर्वी दोन डिस्कवर प्रत झाली की कार्ड रिकामे करीत असे. पण खराब वाचलेल्या फाइलीच्या दोन प्रती म्हणजे खराबच दोन प्रती. आता पडताळणी झाल्याशिवाय कार्ड कॅमेऱ्यात परत जात नाही.

फाइल उघडते, पण ‘तुम्ही दाखवलेले रंग नाहीत’

ही तक्रार खरे तर बिघाडाची नाही, तरी ती पाचातून तीनदा येते. रॉ फाइलीवर केलेले रंगकाम त्या फाइलीत मुरलेले नसते. लाइटरूममध्ये ते त्याच्या कॅटलॉगमध्ये आणि आपण सांगितले तर शेजारच्या एक्सएमपी फाइलीत लिहिले जाते. ग्राहकाला नुसती एनईएफ (निकॉनची) किंवा एआरडब्ल्यू (सोनीची) रॉ फाइल दिली, तर त्याला फिकट, सपाट चित्र दिसते आणि त्याला वाटते की आपण उरलेसुरले माथी मारले. एक्सएमपी फाइल सोबत द्यावी, तिचे नाव रॉ फाइलीसारखेच असावे आणि दोन्ही एकाच फोल्डरात राहाव्यात. डीएनजी या अडोबीच्या रॉ रूपात दिले तर हे संस्कार फाइलीच्या आतच लिहिता येतात आणि जोडी तुटण्याची भीती राहत नाही. मात्र ते संस्कार वाचणारे सॉफ्टवेअरही अडोबीच्या घराण्यातले हवे. इतर सॉफ्टवेअरे त्यांचा बराचसा भाग सोडून देतात.

फाइल मुळीच उघडत नसेल तर ग्राहकाचे सॉफ्टवेअर कॅमेऱ्यापेक्षा जुने आहे का ते विचारावे. कॅननने २०१८ साली एम ५० या कॅमेऱ्याबरोबर सीआर३ हे रॉ फाइलीचे नवे रूप आणले. एकदाच पैसे भरून घेता येणाऱ्या लाइटरूम ६ ची अद्यतने त्याच्या आधीच थांबली होती, त्यामुळे ते सीआर३ वाचू शकत नाही. इतवारीतल्या काही छपाईवाल्यांकडे आजही तेच सॉफ्टवेअर आहे आणि त्यांच्या कामाला ते पुरते. अशा ठिकाणी अडोबीचे मोफत मिळणारे डीएनजी कन्व्हर्टर वापरून फाइली बदलून द्याव्यात, पण मूळ फाइली आपल्याकडे जपून ठेवाव्यात. वन्यजीव छायाचित्रांच्या स्पर्धांमध्ये पडताळणीसाठी कॅमेऱ्याची मूळ फाइलच मागतात. विंडोजवर नुसते पाहायचे असेल तर मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधले रॉ इमेज एक्स्टेन्शन विनामूल्य बसवता येते. घरगुती ग्राहकाला मी रॉबरोबर पूर्ण आकाराच्या जेपेगचा वेगळा संच देतोच. निम्मे फोन त्यामुळेच बंद झाले.

पैसे, मुदत आणि हक्क

लिंक पैसे आल्यावरच द्यावी. हे लिहायला सोपे आणि पाळायला अवघड आहे, कारण ग्राहक ओळखीतून आलेला असतो आणि ‘भाऊ, पैसे कुठं पळून राहिले का’ या वाक्यापुढे आपण नरमतो. मी लहान आकाराची, मधोमध नाव छापलेली चित्रे निवडीसाठी देतो आणि उरलेली रक्कम जमा झाली की रॉ फाइलींची लिंक उघडतो. लिंकचा पासवर्ड तिच्याबरोबर न पाठवता वेगळा पाठवतो.

लिंकची मुदत हे तक्रारींचे मोठे मूळ आहे. मोफत सेवांवरच्या लिंका थोड्याच दिवसांत मरतात आणि ग्राहक डाउनलोड करायला पुढच्या महिन्याच्या सुट्टीची वाट पाहत असतो. मोबाइलच्या पॅकवर दिवसाला दीड-दोन जीबी मिळणाऱ्या माणसाने पन्नास जीबी उतरवायचे म्हटले, तर त्याचा महिना त्यातच जाईल. म्हणून मी बिलावरच लिहितो की लिंक पंधरा दिवस चालेल, लॅपटॉप आणि वाय-फाय लागेल, आणि फाइली माझ्याकडे एक वर्ष राहतील. त्यानंतर पुन्हा मागितल्यास शुल्क पडेल.

रॉ फाइल विकणे म्हणजे हक्क विकणे, असा ग्राहकाचा समज असतो आणि पुष्कळ छायाचित्रकारांचाही असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते की मोबदला देऊन कोणी आपल्या सांगण्यावरून छायाचित्र काढवून घेतले असेल आणि तसा उलट करार नसेल, तर पहिला हक्कदार तो मोबदला देणारा असतो. म्हणजे लग्नाच्या चित्रांवर, काही लिहून घेतले नसेल तर, लग्नघराचा हक्क पोहोचतो. वाघिणीचे चित्र मात्र मी माझ्या मनाने काढले होते, तिथे हक्क माझा आणि ग्राहकाला मी फक्त वापराची परवानगी विकली. हक्कच द्यायचा असेल तर कलम १९ प्रमाणे तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता धरला जातो. त्यामुळे या दोन प्रकारच्या कामांसाठी माझ्याकडे बिलाचे दोन वेगळे मजकूर आहेत. कॅमेऱ्याच्या मेनूत कॉपीराइटचे नाव भरून ठेवले की ते प्रत्येक रॉ फाइलीत उमटते. ते भरायला दोन मिनिटे लागतात आणि मी चार वर्षे ते भरले नव्हते.

दोनशे जीबीच्या पुढे

एवढ्या मोठ्या कामात ऑनलाइनचा हट्ट मी सोडला आहे. २० एमबीपीएसच्या अपलोडने २५० जीबी चढवायला जवळजवळ अठ्ठावीस तास लागतात, तेही एकदाही न तुटता, आणि मग ग्राहकाला तेवढेच उतरवायचे असतात. त्याऐवजी एक्सफॅटने फॉरमॅट केलेली एसएसडी संध्याकाळी पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये पार्सल म्हणून दिली, की सकाळी ती तिथे असते. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोन्हींवर वाचता-लिहिता येते आणि त्याला चार जीबीची अडचण नाही. डिस्कवर पासवर्ड घातलेला असावा आणि आपल्याकडे दोन प्रती शिल्लक असाव्यात, कारण पार्सल हरवले तर ट्रॅव्हल्सवाला फार तर डिस्कची किंमत देईल.

पुण्याच्या त्या मुलाला शेवटी सोळा झिप पाठवल्या आणि सोबत एक ओळ लिहिली : ‘एकूण झिप १६, एकूण फोटो १,८४०, सगळे उघडल्यावर संख्या मोजून कळवावी.’ दुसऱ्या दिवशी त्याचा स्क्रीनशॉट आला, त्यात आकडा ३,६८० होता. मी क्षणभर चरकलो, मग लक्षात आले की प्रत्येक फोटोबरोबर एक एक्सएमपी फाइलही गेली आहे. तेव्हापासून त्या ओळीत ‘एकूण फाइली’ हा तिसरा आकडाही लिहितो, आणि ग्राहकाचा स्क्रीनशॉट येईपर्यंत वहीत ‘पाठवले’च्या पुढचा ‘पोहोचले’चा रकाना रिकामा राहतो.